लांब कार्बाइड ड्रिल आलं म्हणून गनड्रिल भंगारात?

शँक_आणि_टिप
"व्यासाच्या ३० पट लांबीची कार्बाइड ड्रिलं मिळतात, आता गनड्रिल ठेवणं ही नुसती हौस. व्हीएमसीवर लांब ड्रिल लावा, जी८३ टाका, मोकळे व्हा." ही पोस्ट आणि तिच्याखालची अंगठ्यांची रांग पाहून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. नवख्यांसाठी: गनड्रिल म्हणजे खोल भोकासाठीचं, आतून कूलंट (थंड करणारं द्रव) जाणारं सरळ ड्रिल; व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन; जी८३ म्हणजे थोडं कापून दर वेळी ड्रिल वर काढायची कमांड, म्हणजेच पेकिंग.

पहिल्या वाक्यावर वाद घालता येईल. पण जी८३? लांब कार्बाइडला? प्रत्येक पेकला ड्रिल वर येतं, तेवढ्यात चिप (कापलेल्या धातूचे तुकडे) तळाशी पडतात आणि परत खाली जाताना टोक त्या सुट्ट्या चिपांवर आदळतं. कार्बाइड दाब सोसतं, ठोका सोसत नाही. कोपरा उडतो. ३१६ स्टेनलेसमध्ये तळ घासून कडक होतो आणि पुढचा पेक त्या कडक थरावर सुरू होतो. वर ड्रिल भोकाबाहेर आलं आणि आरपीएम तसाच राहिला, तर ते हवेत फटकतं. मग तुकडे गोळा करा. पेकिंग हा आतून कूलंट नसलेल्या एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिलचा उपाय आहे. कूलंट टोकातून येत असेल तर एका दमात तळ गाठायचा.

आणि गनड्रिलला एकच कटिंग एज असते. तिचा एका बाजूचा जोर गाईड पॅड भिंतीवर घेतात. ड्रिल स्वतः केलेल्या भोकाच्या आधाराने सरळ जातं आणि जाता जाता भिंत घोटतं. बऱ्याच कामांत रीमर (भोक गुळगुळीत आणि मापात करायचं हत्यार) वाचतो. ट्विस्टने, म्हणजे त्या पिळदार कार्बाइड ड्रिलने, हे करून दाखवा.

फीड_वाढवा
जी८३ चूक. तेवढंच मान्य.

बाकी हिशेब करू. ८ मिमी भोक, २४० खोल, ॲनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) ४१४० स्टील. कार्बाइडला मिनिटाला ८० मीटर कटिंग स्पीड म्हणजे ३१८० आरपीएम, फीड (एका फेरीत पुढे सरकणं) ०.२ मिमी धरा: मिनिटाला ६३६ मिमी, भोक २३ सेकंदांत. गनड्रिलला ७० मीटर म्हणजे २७८५ आरपीएम, फीड ०.०३: मिनिटाला ८४ मिमी. जवळजवळ तीन मिनिटं. पायलटची (आधी मारायच्या आखूड, वाट दाखवणाऱ्या भोकाची) वेळ दोघांनाही लागतेच. एका प्लेटला अशी ४० भोकं असतील तर घोटलेली भिंत कुणाला दाखवणार? कूलिंग लाइनमधून पाणीच जायचंय.

लांब ड्रिल मोडतात ते आत शिरताना मोडतात. पायलट ड्रिलचा पॉइंट अँगल (टोकाचा कोन) लांब ड्रिलपेक्षा जास्त हवा, म्हणजे मधलं टोक आधी टेकतं, कोपरे नाही. पायलटचा व्यास ०.०२-०.०३ मिमी मोठा, खोली व्यासाच्या किमान दोन-तीन पट. लांब ड्रिल ३०० आरपीएमला, कूलंट बंद ठेवून आत न्या. काही जण उलटं फिरवून नेतात, तेही चालतं. पायलटच्या तळाच्या १-२ मिमी आधी थांबा. कूलंट चालू, दोन सेकंद ड्वेल (जागीच थांबा), मग पूर्ण आरपीएम आणि सलग फीड. परत येताना टोक पायलटमध्ये असतानाच आरपीएम पाडा. एवढं जो करत नाही त्याने ड्रिलला दोष देऊ नये.

काटकोनवाला
दोघंही हुशार. पण ड्रॉइंग काढणाऱ्यांना कोण सांगणार? ६ मिमी भोक, २०० खोल, तळ सपाट, सुरुवात ३० अंशाच्या उतारावर आणि मध्ये आडवं भोक छेदतंय! उतारावर आधी एंडमिलने (सपाट टोकाच्या कटरने) सपाट बैठक करावी लागते, हे यांच्या गावीच नसतं. आडव्या भोकात शिरलं की पॅडचा आधार जातो, कूलंट तिकडून निसटतं, चिप अडकते. तिथे फीड निम्मं करा, नाहीतर आडवं भोक नंतर मारा. सपाट तळाचं काम काय असतं, ते आजवर एकाही डिझायनरने सांगितलेलं नाही.

तेलकट_हात
एवढं लिहिलंत आणि कूलंट कुठलं ते कुणीच बोललं नाही. गनड्रिल पाच टक्के सोल्युबलवर (पाण्यात मिसळायच्या तेलावर) चालवायचं आणि मग म्हणायचं "पॅड जळाले". पॅड आणि भिंत यांच्यात तेलाचा पडदा टिकला पाहिजे. त्यासाठी ईपी ॲडिटिव्ह (जबर दाबातही वंगण टिकवणारी रसायनं) असलेलं 'नीट', म्हणजे पाणी न मिसळलेलं, तेलच हवं, त्याला पर्याय नाही. ८ मिमीला ५०-६० बार दाब, ३ मिमीला १०० च्या आसपास. फिल्टर १०-२० मायक्रॉन, नाहीतर बारीक ड्रिलचं कूलंट होल आधी बुजतं. तेल ५० अंशांच्या वर गेलं की पातळ होतं आणि पडदा फाटतो, म्हणून मोठी टाकी किंवा चिलर.

स्वच्छ_टाकी
"पर्याय नाही" हे कुठून आणलंत? १०-१२ टक्के चांगल्या इमल्शनवर (पाणी-तेलाच्या मिश्रणावर) गनड्रिलं चालतात. तुमच्या नीट तेलाने धूर होतो, मिस्ट (हवेत तेलाचे तुषार) होतो, आगीची धास्ती वेगळी. हीट ट्रीटमेंटआधी प्रत्येक जॉब धुवा. ॲक्टिव्ह सल्फर असेल तर पितळ आणि तांबं काळं पडतं. सगळ्या रोगांवर एकच काढा नसतो.

तेलकट_हात
१०-१२ टक्के म्हणे! मोजता कसं? रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचं प्रमाण मोजायच्या उपकरणावर) ८ दिसलं की ८ टक्के लिहून मोकळे. कूलंटचा फॅक्टर डब्यावर दिलेला असतो, त्याने गुणायचं असतं. फॅक्टर १.५ असेल तर ते १२ झालं.

स्वच्छ_टाकी
म्हणजे रीडिंगपेक्षा जास्तच निघालं ना? स्वतःच्याच उदाहरणाने माझी बाजू घेतलीत, आभारी आहे. शिवाय स्लाइडवेचं (मशीनच्या सरकपट्ट्यांचं) तेल टाकीत तरंगत असेल तर रीडिंगची रेषाच धूसर दिसते. आधी स्किमर (तरंगतं तेल काढणारं यंत्र) चालवा, मग सॅम्पल घ्या.

तेलकट_हात
मुद्दा रीडिंगचा नव्हता, पडद्याचा होता. पॅड कुणाचे जळतात ते बघू. ट्विस्ट कार्बाइडला इमल्शन उत्तम, कारण तिथे स्पीड जास्त आणि थंड करणं महत्त्वाचं. गनड्रिलच्या पॅडला वंगण लागतं. एवढा फरक कळत नसेल तर टाकीत शांपू ओता.

सहा_मीटर_बेड
तुमची टाकी झाली असेल तर एक सांगतो: २० मिमीच्या वर हे भांडण गैरलागू आहे. तिथे बीटीए, म्हणजे नळीच्या टोकावर बसवलेलं खोल भोकाचं ड्रिल. कूलंट बाहेरून जातं, चिप नळीच्या आतून येते, त्यामुळे भिंतीवर ओरखडा नाही. प्रेशर हेडचं (कूलंट भोकात दाबून सोडणाऱ्या भागाचं) सील नको असेल तर इजेक्टर घ्या, दोन नळ्या, साध्या लेथवरही बसतो. फक्त चिप तुटली पाहिजे. लांब दोरा झाला की टोकाचं तोंड बंद, दाब एकदम वर आणि पुढचं सांगायला नको. चिप ब्रेकर आणि फीड आधी जुळवा.

शँक_आणि_टिप
फीड_वाढवा यांनी सरळपणाचं नावही काढलं नाही, ते मी बरोबर हेरलं. ड्रिल फिरतंय आणि जॉब स्थिर, तर मीटरमागे मिलिमीटरच्या आसपास सरकतं. जॉब फिरवला तर कमी. दोन्ही उलट दिशेने फिरवले तर सगळ्यात कमी.

फीड_वाढवा
आणि व्हीएमसीवर जॉब कसा फिरवणार? तिथे तुमच्या गनड्रिलचा हा फायदा गेलाच की.

शँक_आणि_टिप
गेला, व्हीएमसीवर गेला. म्हणून तर गनड्रिलला त्याचं मशीन लागतं. पण ८ मिमी, ५०० खोल म्हणजे ६२ पट. आणा बघू तुमचं कार्बाइड.

फीड_वाढवा
५०० ला गनड्रिलच घ्या, मी कुठे अडवलंय? २४० ला तीन मिनिटं घालवू नका, एवढंच म्हणतोय. आणि गनड्रिल व्हीएमसीवर लावणार असाल तर आधी पंप बघा. बऱ्याच मशीनला २० बारच असतो, टोकापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं किती उरतं ते मोजून घ्या.

तेलकट_हात
आणि त्या २० बारात पाच टक्के सोल्युबल. चालू द्या.