पत्करलेलं दारिद्र्य

गरिबी दुःखदायक असेल, तर ख्रिस्ती संन्यासी ती आपणहून का घेतात, असं बरेचदा विचारलं जातं. लादलेली गरिबी दुःखच आहे, ती हटवायलाच हवी. पत्करलेली गरिबी म्हणजे गरिबाशेजारी बसायला जागा करून घेणं.

इटलीतल्या असिसी गावचा संन्यासी, संत फ्रान्सिस घ्या. १२०६च्या सुमारास त्याने बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून कापडव्यापारी वडिलांना परत केले, हा प्रसंग सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याने शेवटी स्वतः सांगून ठेवलेलं: पूर्वी कुष्ठरोगी नुसते दिसले तरी त्याला सोसवत नसे, त्यांच्यात राहून सेवा केल्यावर तेच कडू गोड झालं. सेवेने त्याला बदललं. जवळचं सगळं देऊन टाकणं त्यानंतरचं.

आणि त्याच असिसीची, फ्रान्सिसच्या वाटेने गेलेली संन्यासिनी क्लेअर! मठाच्या नावावर जमीनजुमला नको, यासाठी ती पोपशीसुद्धा वर्षानुवर्षं झगडली. (जमीन आली की खंड वसूल करणं आलं, आणि तो भरणार कोण? गरीब कूळच.) मठासाठी तिने लिहिलेल्या नियमावलीला पोपची मंजुरी मिळाली १२५३च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. दोनच दिवसांनी गेली.