न्यू जर्सी ते डॅलस : पिकअपमागे भाड्याचा लहान ट्रेलर ओढून नेण्याविषयी

एडिसनकर

नमस्कार मंडळी. नोकरीतील बदलामुळे पुढच्या महिन्यात आम्ही चौघे एडिसनहून डॅलसला बिऱ्हाड हलवत आहोत. मोठे फर्निचर येथेच विकून टाकले. उरली आहेत ती पुस्तकांची तीसेक खोकी, भांडीकुंडी, कपडे, देव्हारा आणि आईने हट्टाने भारतातून आणलेला पाटा-वरवंटा.

माझ्याकडे २०१९ची टोयोटा टकोमा आहे. तिला कारखान्यातूनच टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची जोडणी) बसवलेले असून ओढण्याची क्षमता ६,४०० पौंड लिहिली आहे. यू-हॉल या ट्रक-ट्रेलर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा ५ बाय ८ फुटांचा बंद ट्रेलर घेण्याचा विचार आहे. तो रिकामा ९०० पौंडांचा असतो आणि भरल्यावर २,७०० पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या निम्मेही वजन होत नाही, त्यामुळे ट्रेलरमध्ये न मावलेले सामान पिकअपच्या हौद्यात भरावे असे ठरवतो आहे. मात्र मी आजवर कधीही ट्रेलर ओढलेला नाही. या हिशेबात काही चूक आहे का, आणि पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकने (टोलच्या महामार्गाने) सेंट लुईसवरून जावे की व्हर्जिनिया-टेनेसीमार्गे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

धुरकरी

हिशेब चुकलेला नाही, पण अर्धवट आहे. ६,४०० हा आकडा गाडी मागे किती ओढू शकते एवढेच सांगतो. गाडी स्वतःच्या अंगावर किती वाहू शकते हे तो सांगत नाही. त्यासाठी चालकाच्या बाजूचे दार उघडा आणि खांबावरचे पिवळे-पांढरे स्टिकर वाचा. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक नको, असे त्यावर छापलेले असते. तुमच्या प्रकारच्या गाडीवर तो आकडा साधारण १,१०० च्या आसपास असतो. त्यातून चौघांचे मिळून ५०० पौंड वजा करा. भरलेल्या ट्रेलरचे किमान दहा टक्के वजन हिचच्या (पिकअपमागे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीच्या) बॉलवर येते, म्हणजे आणखी २७० गेले. हिचचा लोखंडी दांडा आणि बॉल यांचे वीस-पंचवीस. हौद्यासाठी उरले फक्त तीनशे पौंड, आणि पुस्तकांची नऊ-दहा खोकी ठेवली की तेही संपले. ओढण्याच्या क्षमतेला धक्काही न लावता वाहण्याची क्षमता अशी सहज ओलांडली जाते.

आता ट्रेलर भरण्याबाबत, कारण माझ्या मते संपूर्ण प्रवासात याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. माझे आजोबा बैलगाडी भरताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत, की गाडी उलाळ होऊ देऊ नका आणि धुरजडही होऊ देऊ नका. उलाळ गाडीचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, धुरजड गाडी त्यांची मान मोडते. येथे बैलांच्या जागी पिकअपची मागची चाके आहेत, बाकी सारे तेच. ओझे ट्रेलरच्या आसाच्या मागे गेले की बॉलवरचा भार कमी होतो, आणि मग एखाद्या मोठ्या ट्रकच्या हवेचा झोत बसला किंवा सुकाणू जरासे झटक्याने फिरले तरी ट्रेलर हेलकावे घेऊ लागतो. वेग जितका जास्त तितके ते हेलकावे आपोआप शमण्याऐवजी वाढत जातात. म्हणून वजनाचा साठ टक्के भाग ट्रेलरच्या पुढच्या निम्म्या भागात ठेवावा, आणि बॉलवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार येईल असे पाहावे. पुस्तके आणि पाटा पुढे, तळाशी; कपडे आणि उशा मागे, दाराजवळ.

जोडणीबाबत थोडक्यात. बॉलचा आकार ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या तोंडावर, कोरलेला असतो, तोच हवा. कपलर बसवल्यावर त्याची कडी लावून ट्रेलरचे तोंड वर उचलण्याचा प्रयत्न करा. पिकअपचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर पकड नीट आहे. सेफ्टी चेन कपलरच्या खालून एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर निसटला तरी ट्रेलरचे तोंड रस्त्यावर न आपटता त्या फुलीत अडकते. ट्रेलर सपाट उभा राहायला हवा, तोंड वर करून नव्हे.

सावकाश_जा

धुरकरी यांनी लिहिलेले मी अनुभवाने शिकलो आहे, तेही चुकीच्या पद्धतीने. काही वर्षांपूर्वी घर हलवताना कपड्यांच्या पेट्या आधी ट्रेलरमध्ये चढवल्या आणि जड खोकी शेवटी, दाराजवळ, कारण जड सामान उतरवायला सोपे जाईल असे वाटले. आय-८१ या आंतरराज्य महामार्गावर व्हर्जिनियात उतारावर वेग ६५ मैलांपर्यंत गेला होता. शेजारून एक अठरा चाकी ट्रक पुढे गेला आणि आरशात ट्रेलर आधी एकीकडे, मग दुसरीकडे दिसू लागला. पाय ब्रेककडे गेलाच होता. तो मी दाबला नाही हे नशीब. या लहान ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे पिकअप अचानक मंदावली की तो मागून ढकलतो आणि हेलकावा अधिकच बिघडतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, सुकाणू सरळ धरायचे, उलटसुलट फिरवून ट्रेलरला 'सावरायला' जायचे नाही. वेग ४५ च्या खाली आल्यावर तो शांत झाला. पुढच्या विश्रांतिस्थळी दोन तास सामान उलटेपालटे करण्यात गेले आणि पत्नीने त्या दोन तासांत एक शब्दही उच्चारला नाही.

त्यामुळे वेग ५५ मैलच ठेवा. ट्रेलरवर तसे लिहिलेलेही असते. मागून येणारे वाहनचालक वैतागतात, पण ते आपली वाट शोधून घेतात.

मार्गाविषयी म्हणाल तर मी आय-७८, हॅरिसबर्गजवळून आय-८१, पूर्व टेनेसीत आय-४०, आणि लिटल रॉकहून आय-३० हाच धरीन. सुमारे १,५५० मैल होतात. टर्नपाइकचा टोल वाचतो. शिवाय जेथे टोल आसांच्या संख्येवर आकारतात, तेथे ट्रेलरचा आस तुमच्या खात्यात वाढतो. या मार्गाची खोड एकच, की आय-८१ चे व्हर्जिनियातील सव्वातीनशे मैल डोंगराळ असून तेथे ट्रकची अखंड रांग असते. टेनेसीत नॉक्सव्हिल सोडले की कम्बरलँड पठाराचा चढ लागतो आणि मॉन्टेरेहून कुकव्हिलकडे मोठा उतार. तेथे ब्रेकवर विसंबू नका, आधीच खालचा गिअर घ्या. चढावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा, नाहीतर गिअरबॉक्स सतत वरखाली होत राहतो.

चार दिवस ठेवा. रोआनोक, नॅशव्हिल आणि लिटल रॉक येथे मुक्काम केल्यास कोणताही दिवस साडेचारशे मैलांच्या पुढे जात नाही.

मोजूनमापून

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली विम्याची : ट्रेलरमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास गाडीचा विमा बहुधा लागू होतो, पण भाड्याच्या ट्रेलरचे आणि आतील सामानाचे नुकसान त्यात बहुधा धरलेले नसते. निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

दुसरी वजनाची. अंदाज करीत बसू नका. महामार्गांवरच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचा काटा असतो, आपल्याकडच्या धर्मकाट्यासारखा, मात्र प्रत्येक आसाचे वजन वेगळे दाखवणारा. एकदा ट्रेलर जोडून वजन करा, मग बाजूला सोडून नुसत्या पिकअपचे करा. जोडल्यावर पिकअपच्या दोन्ही आसांची बेरीज जितकी वाढते, तितका बॉलवरचा भार.

आणि ट्रेलर मागे घेण्याचा सराव रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये अवश्य करा. लहान ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा अवघड असतो, कारण तो फार लवकर वळतो आणि क्षणात मुडपतो. सुकाणू खालच्या बाजूने धरावे. हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेला ट्रेलर जातो.

एडिसनकर

परवा डॅलसला पोहोचलो. सर्वांचे मनापासून आभार. दारावरचे स्टिकर वाचल्यावर हौद्यात फक्त २२० पौंड ठेवले आणि दोन कपाटे भरतील इतके जुने कपडे दान केले.

पेनसिल्व्हेनियात काट्यावर गेलो. पिकअप एकटी, आम्हा चौघांसह, ५,२०० पौंड. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या दोन आसांवर ५,४२० आणि ट्रेलरच्या आसावर २,२६०. म्हणजे ट्रेलर एकूण २,४८० चा आणि बॉलवर अवघे २२०, नऊ टक्क्यांहूनही कमी. सगळे जड सामान पुढे आहे अशी माझी खात्री होती! तेथेच दार उघडून पुस्तकांची तीन खोकी मागून चार फूट पुढे सरकवली आणि पुन्हा वजन केले, तेव्हा २७० आले. त्यानंतर संपूर्ण प्रवासात ट्रेलर एकदाही हलला नाही.

पेट्रोल मात्र बरेच लागले. एरवी गॅलनला २० मैल देणारी गाडी साडेतेरावर आली, त्यामुळे दर दोनशे मैलांना थांबावे लागले. त्या थांब्यांवर ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून उष्णता तपासत गेलो. दोन्ही सारखीच कोमट होती.

धुरकरी

उत्तम. पाटा कोठे ठेवला होता?

एडिसनकर

अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या खाली. वरवंटा आईने मांडीवर घेतला होता, आणि त्याचे वजन मी माणसांच्या पाचशे पौंडांत धरले होते.