एचएफची बाटली पहिल्यांदाच उघडायचीये, तयारी काय काय पाहिजे?

डेक्कनची_माती

नमस्कार मंडळी. मी जिऑलॉजीत पीएचडी करतेय, पहिलंच वर्ष आहे. घाटातून आणलेले बसाल्टचे सॅम्पल आयसीपी-एमएसला (दगडातली अगदी थोडी असलेली मूलद्रव्यं मोजणारं मशीन) द्यायचेत, त्यासाठी पावडर आधी हायड्रोफ्लोरिक (म्हणजेच एचएफ) आणि नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून घ्यायची. एचएफ ४० टक्क्यांचं आहे, पांढरी प्लास्टिकची बाटली, ५०० मिलीची, सील अजून फोडलेलं नाही. सोमवारी करायचं ठरलंय. सीनियर म्हणतात, हायड्रोक्लोरिक रोज हाताळतेस ना, हे तर त्याच्यापेक्षा वीक ॲसिड आहे, पुस्तकात बघ, हूडमध्ये (वाफ बाहेर खेचणाऱ्या काचेच्या कपाटात) कर, ग्लोव्हज घाल, झालं. पण बाटलीवर कवटी आहे आणि आमच्या हूडची काच खालच्या बाजूने इतकी धुकट झालीये की आतलं बीकर नीट दिसत नाही, मी पुसून पाहिली तरी जाईना, तेव्हा अटेंडंट काका म्हणाले की अगं ती मळलेली नाही, एचएफच्या वाफेने खाल्लीये. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. जी वाफ काच खाते ती माझ्या बोटांचं काय करेल? ज्यांनी खरंच हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

टेफ्लॉन_बीकर

अगं, आधी सोमवार रद्द कर. मग बाकीचं बोलू.

मी बावीस वर्षं दगड विरघळवतोय, टेक्निशियन आहे. सीनियर म्हणाले ते पुस्तकात खरं आहे, एचएफ वीक ॲसिडच आहे, पण त्याचा धोका तिथेच आहे गं. ते पाण्यात पूर्ण फुटत नाही, त्यामुळे अख्खा रेणू कातडीतून सरळ आत उतरतो आणि आत गेल्यावर फ्लोराइड सुटतं, ते शरीरातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून बसतं. म्हणजे वरची कातडी भाजणं हा त्यातला लहान भाग झाला, ते हाडापर्यंत जातं, जास्त गेलं तर हृदयापर्यंत. हायड्रोक्लोरिक सांडलं की चटका बसतो, आपण ओरडत नळाकडे धावतो. हे सांडलं की काहीच होत नाही. ४० टक्केवालं असेल तर एक ते आठ तासांनी दुखायला लागतं, वीस टक्क्यांच्या खालचं असेल तर कधीकधी दुसऱ्या दिवशी.

माझ्या स्वतःच्या हाताचं सांगतो. दुपारी साडेतीनला काम आवरलं, ग्लोव्हज काढले तर उजव्या तर्जनीचं टोक किंचित ओलं लागलं, मला वाटलं घाम आहे, पाण्याखाली धरलं आणि घरी गेलो. रात्री नऊला जेवताना नखाखाली ठणकायला लागलं, अकरापर्यंत असं झालं की बोट बर्फात घालू का भिंतीवर आपटू कळेना, आणि वरून बघाल तर फक्त जराशी पांढुरकी कातडी. दवाखान्यात गेलो तिथे साधं ॲसिड समजून मलम लावून परत पाठवलं, मला पण तेव्हा फ्लोराइडचं सांगायची अक्कल नव्हती. शेवटी नख गेलं. ग्लोव्हला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तेव्हापासून ग्लोव्ह घालण्याआधी फुगवून, पिळून, गालाजवळ धरून बघतो, हवा लागली की फेकतो.

तर पहिली गोष्ट म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, अडीच टक्क्यांचं. ते लॅबमध्ये, हाताला येईल असं, एक्सपायरी बघून ठेवलेलं असल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, गाइड चिडले तरी. एक ट्यूब घरी पण ने, कारण दुखणं घरी गेल्यावरच सुरू होतं.

दुसरं म्हणजे एकटीने करायचं नाही. १९९४ साली ऑस्ट्रेलियात पर्थला एक टेक्निशियन आपल्यासारखंच काम करत होता, सॅम्पल एचएफमध्ये विरघळवायचं, एकटाच, बसून, अंगात ॲप्रन नाही. ७० टक्क्यांचं ॲसिड मांड्यांवर सांडलं, सांडलेलं सगळं मिळून पाव लिटर पण नसेल. त्याने पाइपने पाणी मारलं, मग जवळच्या स्विमिंग पूलमध्ये जाऊन ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाण्यात राहिला. जेल नव्हतं. सातव्या दिवशी पाय कापावा लागला आणि पंधराव्या दिवशी तो गेला. पाणी भरपूर होतं हो, कॅल्शियम नव्हतं. मी ही केस प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

बाकी ग्लोव्हज दोन जोड, आत पातळ नायट्राइल आणि वर कोपरापर्यंतचे जाड निओप्रीन, नुसते पातळ नायट्राइल म्हणजे काहीच नाही. पीव्हीसीचा लांब ॲप्रन, गॉगल आणि त्यावर फेस शील्ड. ओढणी नको, चप्पल नको, पाय पूर्ण झाकणारे बूट. काचेचं काहीही नको, ना पिपेट ना सिलिंडर ना वेस्टची बाटली, सगळं प्लास्टिक किंवा टेफ्लॉन. आणि उभं राहून काम कर, बसून नाही, मांडीवर सांडायला नको.

वेल्डिंग_शॉप

ताई, मी लॅबवाला नाही, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतो, डेअरीच्या. वेल्डिंग झालं की जॉइंट काळानिळा पडतो, तो साफ करायला पिकलिंग पेस्ट लावतात, त्यात नायट्रिकबरोबर एचएफ असतं हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, वरचं वाचून आत्ता उठून डबा बघितला तर खरंच लिहिलंय, बारीक अक्षरात. आमची पोरं ब्रशने लावतात, ग्लोव्हज असले तर असले, आणि रात्री हात दुखतो म्हणून सकाळी सुट्टी मागतात, आम्ही म्हणायचो ग्राइंडर चालवून दुखत असेल. वाचून अंगावर काटा आला हो. ते जेल आमच्याकडे पण चालेल का? आणि गावात मिळेल का?

कॅज्युअल्टी_नाइट

मी डॉक्टर आहे, इमर्जन्सीला असतो. दादा, पेस्टलाही तेच जेल. तयार ट्यूब मेडिकलमध्ये सहसा नसते, सेफ्टीचं सामान किंवा लॅबचं केमिकल विकणाऱ्यांकडून आधी मागवून ठेवा. तोवर अडलं तर हे करा: कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन १० टक्के, १० मिलीची अँपूल, मेडिकलमध्ये मिळते. एक अँपूल आणि पाण्यात विरघळणारी लुब्रिकंट जेली ३० मिली, नीट कालवली की अडीच टक्के होतं. लागेल तेव्हा ताजं करा. अँपूल घेताना नाव दोनदा वाचा, कॅल्शियम क्लोराइड नको, ते कातडीत टोचलं तर उलट मांस मरतं. आणि टोचायचं काम तुमचं नाहीच, तुम्ही फक्त चोळायचं.

अंगावर पडलं तर कपडे, घड्याळ, अंगठी लगेच काढा, पाच मिनिटं धो धो पाणी, मग जेल. जेल हाताशी असताना अर्धा तास धूत बसू नका. नसेल तर मात्र ते मिळेपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी थांबवू नका. जेल चोळणाऱ्याने स्वतः ग्लोव्हज घालायचे, नाहीतर दोन पेशंट येतात. बोटांना लागलं असेल तर ग्लोव्हमध्येच जेल भरा आणि हात त्यात घाला. दुखायचं थांबेपर्यंत परत परत लावत राहायचं, हॉस्पिटलच्या वाटेवर पण. डोळ्यात जेल घालायचं नाही, तिथे पाण्याने धूत थेट आमच्याकडे या. वाफ छातीत गेली असेल तर आत्ता बरं वाटतंय म्हणून घरी जाऊ नका, फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं.

आणि आलात की पहिलं वाक्य 'ॲसिडने भाजलंय' असं नको, 'हायड्रोफ्लोरिक आहे, फ्लोराइड आहे, कॅल्शियम आणि ईसीजी बघा' असं बोला. जवळचा डॉक्टर ओळखेलच असं नाही, आमच्यातल्या कित्येकांनी अशी केस आयुष्यात पाहिलेली नसते. बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बधिर करायचं इंजेक्शन मागू नका, दुखणं कमी होतंय का यावरूनच कॅल्शियम पुरेसं झालं का ते आम्हाला कळतं. रक्तातलं कॅल्शियम कोसळलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि शरीराच्या जेमतेम अडीच टक्के, म्हणजे बोटांसकट दोन-तीन तळहातांएवढ्या भागावर स्ट्राँग ॲसिड पडूनही माणसं गेलेली आहेत.

मणी_आणि_पेलेट

वरच्या सगळ्यांना अनुमोदन, पण मला मुळातच विचारायचंय, तुला एचएफ लागणारच आहे का? मेजर एलिमेंट (दगडात जास्त प्रमाणात असलेली मूलद्रव्यं) हवे असतील तर एक्सआरएफ (एक्स-रे मारून मोजणी) कर, पावडर फ्लक्सबरोबर (दगड वितळायला मदत करणारं मीठ)  वितळवून काचेचा मणी करायचा, ॲसिडचा संबंधच नाही. शिवाय उघड्या बीकरमध्ये एचएफ घातलं की सिलिका सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होऊन उडून जाते, म्हणजे सिलिकाचा आकडा तसाही मिळणार नाही. रेअर अर्थसाठीसुद्धा (लँथेनमसारखी थोड्या प्रमाणातली मूलद्रव्यं) लिथियम मेटाबोरेट या फ्लक्सबरोबर वितळवून नायट्रिकमध्ये विरघळवतात. त्यात मीठ जास्त जातं मशीनमध्ये, डायल्यूट करावं लागतं, हे मान्य. पण गाइडना एकदा विचार तरी.

डेक्कनची_माती

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, खरंच. टेफ्लॉन_बीकर काका, वाचताना रडू आलं मला.

आज गाइडना भेटले, सगळं सांगितलं, पर्थची केस पण. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मेजर एक्सआरएफला पाठवू, ट्रेससाठी (अगदी थोड्या प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी) मात्र एचएफ लागेल, पण ट्यूब आल्यावरच. ऑर्डर गेलीये. चार अँपूल आणि जेली आजच आणून फर्स्ट एडच्या पेटीत ठेवली, त्यात बाकी नुसता कापूस आणि आयोडिन होतं. अटेंडंट काका म्हणाले मी थांबतो तुझ्याबरोबर. एक राहिलं, सांडलं तर काय टाकायचं? लॅबमध्ये वाळूची बादली आहे.

टेफ्लॉन_बीकर

वाळू नको! वाळू म्हणजे सिलिकाच, एचएफबरोबर विषारी वायू करते. चुन्याची निवळी नको, सुकी चुनखडीची पावडर ठेव, कॅल्शियम कार्बोनेट, पाच किलोची बादली भरून, हूडच्या बाजूलाच. कडेकडेने टाकत आत यायचं, फसफसतं, घाई करायची नाही. आणि काकांना थांबवतेयस तर त्यांनाही तेच ग्लोव्हज, तोच ॲप्रन, तेच गॉगल दे, आणि जेल कुठे आहे ते त्यांना स्वतःच्या हाताने एकदा काढून बघायला सांग.