मदत हवी : जुन्या ४०७ ची लाईट जाते

नांदूरनाका
जुनी टाटा ४०७ आहे, छोटा ट्रक. खड्ड्यात आदळली की लाईट जाते, थोड्या वेळाने आपोआप येते. बॅटरी नवीन टाकली, फरक नाही. रात्री टोमॅटो भरून वाशीला निघायचंय. पटकन सांगा.

सिन्नरफाटा
लाईट म्हणजे काय काय जातं? इंजिन बंद पडतं का?

नांदूरनाका
इंजिनाला काय होतंय, डिझेल आहे. लाईट जाते म्हटलं ना.

द्वारकावाला
डायनेमो गेलाय, बॅटरी चार्ज करणारा. माझ्या ७०९ ला हेच झालं होतं. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढा, दिवे मंदावले की डायनेमो बाद.

अंबडचा वायरमन
कृपा करून असं करू नका! टर्मिनल काढलं की व्होल्टेज उसळतं, डायनेमोतले डायोड जळतात, नसतं दुखणं गळ्यात पडतं. बॅटरीला व्होल्टमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस केल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं तर डायनेमो ठीक.

द्वारकावाला
आम्ही वर्षानुवर्षं असंच बघतो. काही जळलं नाही.

पंचवटी
१०० वॉटचे बल्ब टाका, घाटात लख्ख दिसतं.

सिन्नरफाटा
त्यांचे दिवेच जातायत हो. आणि ६० वॉटच्या वायरिंगवर १०० चा बल्ब टाकला तर होल्डर वितळेल.
नांदूरनाका भाऊ, लाईट गेल्यावर मागचे लाल दिवे राहतात का? हॉर्न? सेल्फ (स्टार्टर)?

नांदूरनाका
पोराला मागे उभं केलं आणि केबिन हलवली. हेडलाईट, हॉर्न, डॅशबोर्डचे मीटर सगळं जातं. मागचे लाल चालूच. सेल्फही लागतो.

अंबडचा वायरमन
मग केबिनची अर्थिंग बघा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. केबिन रबरी बुशांवर बसते, चासीशी (खालच्या सांगाड्याशी) तिचा विजेचा संबंध त्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीतूनच. मागच्या दिव्यांची अर्थिंग थेट चासीवर, म्हणून ते टिकतात. जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून केबिनच्या उघड्या पत्र्यावर धरा आणि पुन्हा हलवा.

नांदूरनाका
वायर धरली की दिवे जात नाहीत! पट्टी बोल्टपाशी हिरवी पडलीय, चार-पाच तारांवर लोंबतेय. आत्ता कुठे मिळेल?

अंबडचा वायरमन
बॅटरीवाल्याकडे विचारा. नाहीच मिळाली तर वेल्डिंगच्या केबलचा तुकडा, दोन्ही टोकांना लग (बोल्टात बसणारी कडी) दाबून. बोल्टखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासा, पत्रा चकाकला पाहिजे. आवळल्यावर वरून ग्रीस. आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एक फेरी मारून बघितल्याशिवाय कसारा घाट उतरू नका.

द्वारकावाला
तरी डायनेमो एकदा बघून घ्याच.