मदत हवी आहे: रात्री गरवण्यासाठी हेडलँपमधून प्रखर लाल उजेड कसा मिळवायचा?

काठावरचा (धागाकर्ता)

रात्री गळ टाकताना कपाळावरच्या दिव्यातून लाल उजेड हवा आहे, आणि तो जोरकस हवा आहे. दिवा एका १८६५० सेलवर (जाडसर, रिचार्ज होणारा लिथियम सेल) चालतो. मधला एलईडी थंड पांढरा, ४०० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), त्यापुढे प्लास्टिकचं भिंग. शेजारी दोन बारीक लाल एलईडी आहेत, त्यांच्यापुढे भिंग नाही.

लाल उजेडात आमिष लावणं जमतं. दोन कामं मात्र अडतात. एक, ०.२० मिमीच्या तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोऱ्याला) गाठ मारताना तंगूस अंधुक दिसतो. दोन, १५ ते २० मीटरवरचा तरंगा (दोरीला लावलेला, पाण्यावर तरंगणारा खुणेचा बुचासारखा तुकडा) दिसतच नाही. पांढरा लावला की पुढची पंधरा-वीस मिनिटं काठच दिसत नाही.

तीन उपाय सुचतात: पांढऱ्यावर लाल फिल्टर लावणं, बारीक लाल एलईडींचा रोध बदलून करंट वाढवणं, किंवा मधला पांढरा एलईडी काढून तिथे लाल बसवणं. सोल्डरिंग जमतं, मल्टीमीटर आहे. काय करावं?

निशाचर

तिन्ही उपाय तरंग्यासाठी आहेत, गाठीसाठी नाहीत. ही दोन कामं आधी वेगळी करा, नाहीतर एलईडी बदलूनही गाठ तशीच अंधुक राहील.

हिशोब बघा. दोन बारीक लाल मिळून पाच लुमेन धरू. भिंग नसल्यामुळे उजेड चहूकडे पसरतो, म्हणून समोर दीड-दोन कँडेलाच (एका दिशेतला उजेडाचा जोर) मिळतात. ४० सेंटिमीटरवरच्या हातावर त्याचे साधारण १० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात. गाठीला तेवढे पुरेत. तोच उजेड २० मीटरवर ०.००४ लक्स उरतो, कारण अंतराच्या वर्गाने तो घटतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, म्हणजे हा उजेड चांदण्याच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्शाएवढा. तरंगा दिसणार नाही हे उघड आहे. तिथे चांदण्याएवढा उजेड हवा असेल तर १०० कँडेला लागतात. तेव्हा लुमेन वाढवण्याआधी उजेड एकवटणारं भिंग बघा.

लाल निवडलात ते बरोबरच आहे. अंधारात बघणाऱ्या दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्या उजेडाला सर्वांत हळव्या असतात, ६२५ च्या लालला त्यांचा प्रतिसाद त्याच्या दोनशेव्या हिश्शाच्या घरात. ६० लुमेन लाल उजेड दंडपेशींच्या लेखी थंड पांढऱ्याच्या एक-दोन लुमेनएवढा असतो. पण प्रखर लाल थेट डोळ्यात गेला किंवा ओल्या खडकावरून उसळून आला, तर डोळे दिपतातच. लाल आहे म्हणून कितीही चालतो असं नाही.

सोल्डर

फिल्टरबद्दल. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा लेप. थंड पांढऱ्यात खरा लाल भाग फार थोडा असतो. रंगमंचाच्या दिव्यांना लावतात तसली गडद लाल जिलेटिन शीट लावली तर ४०० मधले ४० लुमेन बाहेर पडले तरी खूप. त्यासाठी सेलमधून साडेतीन-चार वॅट खर्च होतात. खरा लाल एलईडी पाऊण वॅटमध्ये ६०-७० लुमेन देतो.

तरीही पहिल्या रात्री फिल्टरच लावून बघा. दिवा उघडावा लागत नाही आणि मधल्या एलईडीचं भिंग तसंच कामी येतं, त्यामुळे झोत लांब जातो. मिठाईच्या डब्यावरचा लाल पारदर्शक कागद वापरू नका, त्यातून निळा-हिरवा गळतो. एक जुनी सीडी घ्या, अंधाऱ्या खोलीत फिल्टर लावलेला दिवा तिच्यावर तिरका धरा आणि चमकणाऱ्या पट्ट्यात बघा. फक्त लाल पट्टा दिसला तर फिल्टर चांगला. कडेला हिरवी किंवा निळी रेघ दिसली तर आणखी एक थर लावा. भिंगावर नेलपॉलिश किंवा मार्कर फासू नका. थर सारखा बसत नाही, गरम झाल्यावर पोपडे निघतात आणि भिंग कायमचं खराब होतं. शीट भिंगाला चिकटवण्याऐवजी बाहेरच्या कड्यावर रबरी पट्टीने धरा, म्हणजे पांढरा हवा तेव्हा झटकन काढता येते.

काठावरचा

बारीक लाल एलईडींच्या शेजारच्या रोधावर १०१ छापलंय. दोन्ही एलईडींना प्रत्येकी एक रोध. बदलून फायदा होईल का?

सोल्डर

१०१ म्हणजे १०० ओहम. भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट, लाल एलईडीवर जातात २, उरलेल्या २.२ ला १०० ने भागा. २२ मिलिअँपिअर. बारीक एलईडींची नेहमीची मर्यादा २० ते ३०. म्हणजे बनवणाऱ्याने तुमच्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही. ४७ ओहम लावलात तर ४७ मिलिअँपिअर जातील. उजेड दुप्पटही होणार नाही, कारण लाल चिप तापली की मंदावते. झाला तरी डोळ्याला दुप्पट उजेड जेमतेम थोडा जास्त भासतो. काही आठवड्यांनी एलईडी काळपट पडेल. हा उपाय सोडून द्या.

खारंपाणी

तरंग्याला दिवा लावण्याऐवजी तरंगाच चमकवा. रस्त्यावरच्या फलकांना असते तसली परावर्ती पट्टी घ्या. तिच्यातले काचेचे बारीक मणी उजेड आला त्या दिशेलाच परत धाडतात. दिवा कपाळावर, डोळे त्याच्या चार बोटं खाली, त्यामुळे परतलेला उजेड थेट डोळ्यांकडे येतो. तुमच्या फिल्टरच्या ४० लुमेनमध्येच २० मीटरवरचा तरंगा ठिणगीसारखा उठून दिसेल. पट्टी रुपेरी किंवा पांढरीच घ्या. हिरवी-निळी पट्टी लाल उजेडात काळी दिसते.

तरंग्याच्या शेंड्याखाली सेंटिमीटरभर रुंदीचं एक वेटोळं पुरे. पट्टीच्या वजनाने तरंगा थोडा जास्त बुडतो, म्हणून बादलीत सोडून बघा आणि गरज पडली तर शिशाचा एखादा बारीक मणी कमी करा. वेटोळ्याची कड उघडी राहिली तर पट्टीत पाणी शिरतं आणि ती मालवते. कडेवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या. तो इथे चालतो.

सतत झोत टाकायचा नसेल तर शेंड्यावर ४.५ मिमी जाडीची रासायनिक प्रकाशकांडी लावा. ती हिरवी घ्या. दंडपेशी हिरव्याला हळव्या असल्यामुळे मिणमिणता हिरवा ठिपकाही लांबून दिसतो. इथे लाल कांडी घेणं चुकीचं.

आणि माशांना लाल दिसत नाही हे सरसकट खरं नाही. गोल्डफिश आणि कार्प यांच्या डोळ्यांत ६२० नॅनोमीटरच्या आसपास हळव्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात, म्हणजे त्यांना लाल चांगला दिसतो. शुद्ध पाण्यातही ६५० चा लाल दोन मीटर खोलीत निम्मा शोषला जातो, म्हणून खोल पाण्यात त्रास कमी. उथळ काठाला मात्र झोत पाण्यावर फिरवत बसू नका. लालचा खरा फायदा म्हणजे दिव्याभोवती किडे फारसे जमत नाहीत.

काठावरचा

पट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं, करून बघतो. तरीही मधला एलईडी बदलून कायमचा लाल झोत करायचा झाला तर कोणता घ्यावा? ६२० चा की ६६० चा?

सोल्डर

६२० ते ६३० चा. ६६० चा गडद लाल रोपांच्या दिव्यांसाठी बनतो. सारख्याच शक्तीचा ६६० डोळ्याला ६२५ च्या पाचव्या हिश्शाएवढा भासतो. दंडपेशींना तो आणखी कमी त्रास देतो हे खरं, पण तुम्हाला प्रखर हवा आहे.

३.४५ मिमी चौरसाचा लाल एलईडी १६ मिमीच्या तांब्याच्या चकतीवर बसवलेलाच मिळतो, तोच घ्या. आधी तुमच्या दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) ओळखा, कारण लाल एलईडी जळतात ते इथेच. पांढरा चालू असताना त्याच्या दोन टोकांना व्होल्टेज मोजा. ३ च्या आसपास आलं तर पुढे जा. ६ आलं तर ड्रायव्हर व्होल्टेज वाढवणारा आहे. लालला लागतात २.१, म्हणजे सेलच्याही खाली, आणि असा ड्रायव्हर तिथे करंट अडवूच शकत नाही. सेल घालताच एलईडी जातो.

३ व्होल्ट आलं तरी करंट मोजा. ४०० लुमेनच्या पांढऱ्याला सव्वा अँपिअरच्या आसपास लागतो, आणि या आकाराच्या लालची कमाल मर्यादा बहुधा १ अँपिअर. काही ड्रायव्हर नुसतं चालू-बंद करून उजेड कमी करतात. मंद पायरीवरही प्रत्येक झटक्यात पूर्ण करंट जातो आणि मल्टीमीटर सरासरी दाखवून फसवतो. मंद पायरीवर तंगूस जोरात हलवा. तो तुटक-तुटक दिसला तर ड्रायव्हर या जातीचा समजा. मग ३५० मिलिअँपिअरचा स्थिर करंटचा ड्रायव्हर वेगळा घाला.

प्लास्टिकच्या दिव्यात ३५० च्या वर जाऊ नका. भरलेल्या सेलवर साध्या ड्रायव्हरमध्येच पाऊण वॅट उष्णता होते, एलईडीची आणखी पाऊण. ७०० केलंत तर तीन वॅट आणि कपाळाला चटका. लाल चिप उष्णतेने पांढऱ्यापेक्षा जास्त मंदावते, त्यामुळे दुप्पट करंटमधला बराच भाग वाया जातो. ३५० वर ३००० एमएएचचा सेल साडेआठ तास पुरतो, एक रात्र निघते.

सेल बाहेर काढूनच काम करा. जुनी चकती सोडवण्याआधी धन-ऋण लिहून ठेवा. चकतीखाली साबुदाण्याएवढा उष्णतावाहक लेप लावा. जास्त लावला की चकती वर उचलली जाते आणि भिंगाची जुळणी बिघडते. भिंतीवर झोत टाका. मध्ये काळा ठिपका किंवा कडं दिसलं तर एलईडीची उंची चुकली आहे, पातळ वॉशर घालून किंवा काढून बघा. बंद करताना रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि दोन-तीन तास कोमट पाण्यात बुडवून आतल्या बाजूला बाष्प धरत नाही ना ते तपासा. ही परीक्षा सेल न घालता.

निशाचर

गाठीचं राहिलं. डोळ्याचं भिंग लाल उजेड पडद्याच्या किंचित मागे एकवटतं. हिरव्याच्या मानाने पाव डायॉप्टरचा (चष्म्याच्या पाव नंबराचा) फरक पडतो. चाळिशीनंतर जवळचं बघायला ही पावही जड जाते, आणि कितीही लुमेन वाढवले तरी धूसरपणा जात नाही. वाचायचा चष्मा, नेहमीपेक्षा पाव ते अर्धा जास्त नंबरचा, नाकावर ठेवून बघा.

शिवाय पारदर्शक तंगूस लालमध्ये फक्त कडेने चमकतो. मांडीवर काळं कापड ठेवा आणि दिवा सरळ वरून न पाडता डोकं थोडं वळवून कडेने पाडा. तंगुसाची रुपेरी रेघ कापडावर उमटते. फ्लुरोसंट पिवळ्या दोऱ्याचा लालमध्ये काही उपयोग नाही, त्याला चमकायला निळा उजेड लागतो.

खारंपाणी

पांढरा एलईडी काढून टाकणार असाल तर खिशात दुसरी पांढरी बॅटरी ठेवाच. लाल उजेडात रक्त आणि पाणी सारखंच दिसतं, बोटात गरी किती खोल गेली ते कळत नाही. काटेरी माशाच्या तोंडातली गरी काढतानाही मंद पांढराच लावा.

होडीतून गरवत असाल तर आणखी एक. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांत लाल दिवा म्हणजे नावेची डावी बाजू. तुमच्या कपाळावरचा प्रखर लाल झोत समोरून येणाऱ्याला तसा वाटू शकतो. नियमाचे दिवे लावून ठेवा, लाल होडीच्या आत खाली वळवा, आणि कुणी जवळ येताना दिसलं तर लगेच दाखवता येईल असा पांढरा दिवा हाताशी ठेवा. वल्ह्याच्या होडीवर नियमाचे दिवे लावलेले नसतील तर या नियमांत असा पांढरा दिवा जवळ बाळगायलाच सांगितलं आहे.

काठावरचा

ठरलं. आधी शीट, सीडीची परीक्षा, परावर्ती पट्टी आणि काळं कापड. ड्रायव्हरचं व्होल्टेज आत्ताच मोजलं, ५.९ आलं. म्हणजे एलईडी बदलणं या दिव्यात नाहीच ना?

सोल्डर

या ड्रायव्हरवर नाही. तीन लाल एलईडी एकामागे एक जोडले तर ६.३ व्होल्ट होतात आणि ड्रायव्हरला चालतं, पण एका भिंगाखाली तीन एलईडी मावत नाहीत आणि झोत फुटतो. शीटवरच राहा. दोन थर लावलेत तर वरच्या पायरीवर सलग ठेवू नका, अडवलेला उजेड शीटमध्येच उष्णता होतो आणि ती भिंगाच्या बाजूने वाकते. शीट आणि भिंगात दोन मिमी फट ठेवा.