पिकअपचं ॲव्हरेज 13 वरून 9 वर आलंय, पंप उघडू का?

जांबोटीवाला
रोज पहाटे बेळगावातनं भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला जातो. गाडी जुनी, मेकॅनिकल पंपाची (इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा पंप). दिवाळीपर्यंत लिटरला 13 देत होती, आता 9. मिस्त्री म्हणतोय पंप आणि नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी) दोन्ही करून घे, वीसेक हजार लागतील. भाजीच्या धंद्यात एवढे पैसे एकदम निघत नाहीत. आधी काय बघू?

निपाणीचा अण्णा
पंपाला एवढ्यात हात लावू नका. 9 चा आकडा कसा काढलात? टाकी काठोकाठ भरा, आठवडाभर त्याच वाटेनं तेवढंच वजन न्या, परत त्याच पेट्रोल पंपावर काठोकाठ भरा आणि मग भागाकार करा. धुराचा रंगही सांगा. काळा असेल तर हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा येत असेल तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघावं लागेल.

जांबोटीवाला
अण्णा, हिशोबानं 9.4 आलं. चढाला थोडा काळा धूर आहे. एअर फिल्टर नवा घातला, फरक नाही.

हुक्केरी गॅरेज
मग चाकं बघा की. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या. मग प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादा जास्त तापला असेल तर तिथं ब्रेक धरतोय. टायरची हवा बघा. पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बंद न होता उघडाच अडकलाय. थंड इंजिन डिझेल जास्त पितं.

जांबोटीवाला
सापडलं! मागचं डावं चाक. जॅकवर उचललं तर हातानं अर्धी फेरीसुद्धा फिरेना. व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गंजून अडकला होता, ब्रेक लायनर जळून काळे. दोन्ही बदलले. या आठवड्यात 11.8 आलं. तुम्हा दोघांचे लई उपकार. राहिलेल्या सव्वा किलोमीटरसाठी आता पंप करू का?

निपाणीचा अण्णा
नको. फक्त नोझल काढून टेस्टिंगला द्या. बेळगावच्या उद्यमबागेत द्या नाहीतर दुसरीकडं, पण मशीनसमोर स्वतः उभं राहा. फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे. धार लागत असेल किंवा टोकाला थेंब लोंबत असेल तेवढेच नोझल बदला. फवाऱ्यापुढं हात मात्र धरू नका, ते डिझेल कातडीत घुसतं.

जांबोटीवाला
सोमवारी गाडी उभी ठेवून जातो. आकडा इथंच टाकतो.