भाच्याला व्हीएफएक्सला घालावं का?

सातारकर_मामा
भाचा बारावी झाला, चित्रं बरी काढतो. पुण्यातल्या एका क्लासने दोन वर्षांच्या व्हीएफएक्स (म्हणजे सिनेमातले कॉम्प्युटरवरचे इफेक्ट्स) कोर्सची फी साडेचार लाख सांगितलीय, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. ताई दागिने मोडायला निघालीय. माझं मत, मोडू नयेत. २०१३ साली 'लाइफ ऑफ पाय'ला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तेव्हा त्यातला कॉम्प्युटरवरचा वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून पंधरवडाही झाला नव्हता. मंचावर त्या सिनेमाचे इफेक्ट्सप्रमुख बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागले, तर 'जॉज' सिनेमाचं संगीत वाजवून त्यांना गप्प केलं. ऑस्कर हातात असलेल्यांची ही गत, मग आमच्या पोराचं काय?

रोटोवाली
मामा, मी आठ वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवात रोटोपासून, म्हणजे नटाला मागच्या दृश्यातून वेगळं काढायला त्याच्या कडेने फ्रेमगणिक रेघ मारत जायची. सेकंदाला २४ फ्रेम, पाच सेकंदांच्या शॉटला १२०. माझ्या पहिल्या मोठ्या शॉटमध्ये बाई ओले केस झटकत होती. सगळं शरीर एकाच आकारात कोंबलं आणि कडा नुसती उकळत होती, म्हणजे फ्रेमगणिक थरथरत होती. शॉट तीनदा परत आला. मग सीनियर शेजारी येऊन बसला. म्हणाला, दंड वेगळा, कोपराखालचा हात वेगळा, बोटं वेगळी. रेघेवरचे पॉइंट कमी ठेव. त्या दिवसापासून मला लोकलमध्येही माणसांचे सांधे दिसतात! आज कंपोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका दृश्यात बेमालूम जोडते, घर चालतं. पोराला डोळा असेल तर अडवू नका.

सातारकर_मामा
आठ वर्षांत कंपन्या किती बदलल्या?

रोटोवाली
चार. दोन मी सोडल्या, दोघींनी मला सोडलं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे महिन्यात संपावर गेले, जुलैत नटही. तिकडे शूटिंग थांबलं, इकडे शॉट यायचे बंद झाले. काही महिने घरी होते.

हिशेबनीस
हाच तर मुद्दा आहे. स्टुडिओ काम ठरलेल्या रकमेला उचलतो आणि दिग्दर्शक शेवटच्या आठवड्यापर्यंत बदल सांगतो. ती भर कुणाच्या रात्रींमधून निघते? शिवाय जिकडे करसवलत, तिकडे काम. आज लंडन, उद्या मॉन्ट्रियल. टेक्निकलरसारखं शंभर वर्षांहून जुनं नाव २०२५ च्या फेब्रुवारीत कोसळलं. त्यांच्या एमपीसी या इफेक्ट्स स्टुडिओने '१९१७'साठी ऑस्करविजेतं काम केलं होतं. बंगळुरूतल्या पोरांचाही रोजगार गेला. कारागिरी थोर असेल हो, पण ईएमआय कारागिरीवर फिटत नाही.

गोदाकाठचा
असा हिशेब फाळक्यांनी केला असता तर? विमा गहाण टाकून लंडन गाठलं, परत येऊन वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली, बायको सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. तेव्हा कुठे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. मोडा दागिने!

हिशेबनीस
आणि १९४४ साली नाशकात ते कुठल्या अवस्थेत गेले, तेही सांगा की ताईंना. फाळके उद्योग उभा करत होते. हा पोरगा क्लासचा हप्ता भरणार आहे.

सातारकर_मामा
आणि आता एआय म्हणे रोटो आपोआप करतं?

रोटोवाली
कच्चं करतं. केस, हलणारी बोटं, धुरकट कडा आली की फसतं आणि ते निस्तरायला आम्ही बसतो. पण खरं सांगायचं तर जिथे पूर्वी दहा नवी पोरं घेत, तिथे आता कमी घेतात. मी ज्या पायरीवरून चढले, तीच झिजत चाललीय. म्हणून मीही क्लासच्या विरोधात आहे, धंद्याच्या नाही. प्लेसमेंट शंभर टक्के म्हणजे कुठे, किती पगारावर, किती महिने टिकली, हे गेल्या बॅचच्या पोरांना फोन करून विचारा. ब्लेंडर नावाचं इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ताई तुळशीला पाणी घालतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर काढायचा, अंगण पुसून मागे समुद्र लावायचा. मला पाठवू दे, मी चुका काढीन. तिसऱ्यांदा परत केल्यावरही बसला, तर पुढचं बोलू.

सातारकर_मामा
सांगितलं त्याला. विचारतोय, किती दिवसांत द्यायचं?

रोटोवाली
चार. आणि ताईंना हात सावकाश हलवायला सांगायचं नाही!